पंख्यासमोरचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माझा आजचा विषय निम्मा तरी आधीच ठाऊक आहे. वरचा खटका उचलायचा, हँडल घालून चाक गरागरा फिरवायचे, पुरेसा वेग आला की खटका सोडायचा, आणि इंजिनाने पहिला ठोका दिला की हँडल काढून बाजूला व्हायचे. मला हे माझ्या थोरल्या चुलत्यांनी शिकवले. शिकवताना त्यांनी आधी माझा अंगठा धरून हँडलावरून सोडवला आणि बाकीच्या बोटांच्या शेजारी ठेवला. म्हणाले, "मूठ आवळू नको. इंजिन उलटं बसलं तर हँडल हातातून सुटून गेलं पाहिजे. अंगठा अडकला तर मनगट जातं." तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. पुढे सात-आठ वर्षांनी मी विमानाच्या पंख्यासमोर उभा राहिलो, तेव्हा मला पहिला धडा मिळाला तो शब्दशः हाच होता.

मंडळी, लहान विमानेही एके काळी अशीच हाताने सुरू करत. तिथे वेगळे हँडल नसे. विमानाचा पुढचा पंखा, ज्याला आपण प्रोपेलर म्हणतो, तोच हँडल. एक माणूस विमानासमोर उभा राही, पंख्याचे पाते धरून खाली ओढी आणि इंजिन पेटले की मागे सरके. जुन्या इंग्रजी सिनेमात हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. टोपी-गॉगल घातलेला वैमानिक, समोर एक मळक्या कपड्यातला माणूस, "काँटॅक्ट!" अशी आरोळी, आणि धुराचा एक लोट. पुढच्या क्षणी कॅमेरा विमानाबरोबर आकाशात जातो. समोरच्या माणसाचे काय झाले, हे सिनेमा सांगत नाही. आज मला त्याच माणसाबद्दल बोलायचे आहे.

आधी यंत्राचे थोडे. विमानाच्या लहान पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो नावाचे उपकरण करते. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो सिद्ध केला आणि मोटारींना व मागोमाग विमानांना तो लाभला. त्याचा मोठा गुण असा की त्याला बॅटरी लागत नाही. आत लोहचुंबक असते. इंजिन फिरले की तेही फिरते आणि वीज तयार होते. आकाशात बॅटरी बसली, तारा जळाल्या, तरी मॅग्नेटो ठिणगी देतच राहतो. म्हणून आजही बहुतेक लहान विमानांवर मॅग्नेटोच असतात, तेही दोन-दोन.

पण जो गुण आकाशात, तोच दोष जमिनीवर. आपल्या घरातला दिव्याचा स्विच बंद केला की तार तुटते आणि वीज थांबते. मॅग्नेटोचा स्विच याच्या बरोबर उलटा चालतो. तो 'बंद' केला की एक तार जोडली जाते आणि मॅग्नेटोची वीज त्या तारेतून विमानाच्या सांगाड्यात मुरते. म्हणजे मॅग्नेटो गप्प बसवायला ती तार धडधाकट असावी लागते. तार कुठे तुटली, सैल झाली, निखळली, तर स्विच 'बंद' दाखवत असतो आणि मॅग्नेटो जिवंत असतो. अशा वेळी सिलिंडरात थोडीशी जरी पेट्रोलची वाफ उरली असेल आणि कुणी पंख्याला हात लावून तो वितभर फिरवला, तर इंजिन ठोका देऊ शकते. एकच ठोका. पण पात्यासमोरच्या हाताला तेवढा पुरतो.

हाताने चालू करण्याच्या इंजिनात आणखी एक जोड दिलेली असते. हाताने पंखा फिरवला तर वेग कमी, म्हणून ठिणगीही क्षीण. यावर उपाय म्हणून मॅग्नेटोत स्प्रिंगची एक कळ बसवतात. ती मॅग्नेटोला क्षणभर अडवून धरते आणि मग झटक्याने सोडते. ठिणगी जोरदार पडते, आणि थोडी उशिरा पडते, म्हणजे पंखा उलटा फिरत नाही. पंखा सावकाश फिरवताना 'टक्' असा आवाज येतो तो या कळीचा. इंजिन हाताने सुरू होते ते या कळीमुळे, आणि सावकाश, सहज म्हणून फिरवलेला पंखाही धोक्याचा ठरतो तोही हिच्यामुळेच.

आता इतिहासाकडे वळू. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंनी इंजिनाचे विमान उडवले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. त्या विमानाला दोन पंखे होते आणि इंजिन सुरू करायला ते हातानेच ओढावे लागत. त्या दिवशी मदतीला आलेल्या स्थानिक मंडळींत जॉन डॅनियल्स हे किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातले गृहस्थ होते. जगप्रसिद्ध झालेले पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र टिपणारे ते हेच. चौथे उड्डाण झाल्यावर विमान वाळूवर उभे असताना वाऱ्याचा मोठा झोत आला आणि ते उलथू लागले. डॅनियल्स यांनी एका दांडीला मिठी मारून ते अडवायचा प्रयत्न केला आणि इंजिन, साखळ्या व तारांच्या जंजाळात विमानाबरोबर तेही गडगडत गेले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. पण पाहा, मानवाच्या विमानविद्येच्या पहिल्याच दिवशी चार उड्डाणांत उडणाऱ्यांपैकी कुणाला इजा झाली नाही. इजा झाली ती जमिनीवर उभ्या असलेल्या मदतनिसाला.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विमाने वाढली, पहिले महायुद्ध आले आणि पंखा फिरवणे हा एक रीतसर कामाचा भाग झाला. मोठ्या इंजिनांचा पंखा एकट्याच्याने हलत नसे. मग दोघे-तिघे एकमेकांचे हात धरून साखळी करत. पहिल्याच्या हातात पाते, आणि सगळ्यांनी एकदम हिसका देऊन बाजूला धावायचे. त्या काळातच ती प्रसिद्ध सवाल-जबाबाची पद्धत पक्की झाली. पंख्यासमोरचा माणूस विचारी, "स्विचेस ऑफ?" वैमानिक स्विच बघून म्हणे, "स्विचेस ऑफ." मग पेट्रोल चालू, थ्रॉटल बंद, याचीही अशीच विचारणा आणि तसेच उत्तर. मग पंखा चार-सहा वेळा सावकाश ओढून सिलिंडरात पेट्रोल भरून घ्यायचे. मग थ्रॉटल किंचित उघडायचा. आणि शेवटी समोरचा माणूस ओरडे, "काँटॅक्ट!" वैमानिकानेही "काँटॅक्ट" म्हणायचे आणि मगच स्विच चालू करायचा.

'काँटॅक्ट' हाच शब्द का? 'स्विच ऑन' का नाही? माझ्या गुरुजींनी याचे दिलेले उत्तर मला पटलेले आहे. वाऱ्यात, शेजारच्या इंजिनाच्या आवाजात, 'ऑन' आणि 'ऑफ' कानाला सारखेच लागतात. एकाचा जीव ज्या शब्दावर अवलंबून, तो शब्द दुसऱ्या कशासारखा ऐकू येता कामा नये. शिवाय हा सवाल-जबाब सुरू कोण करतो, तेही लक्षात घ्या. हुकूम वैमानिकाचा नाही. पंख्यासमोर ज्याचे हात आहेत तो विचारतो, आणि आत बसलेला साहेब उत्तर देतो. हुद्द्याची उतरंड कडक असलेल्या त्या काळातल्या सैन्यातही त्या दोन मिनिटांपुरता हा क्रम उलटा होता.

आपल्याकडे विमान फार लवकर आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपालाची थैली विमानातून नेली. सर्वसामान्यांना विमान शिकता येईल असे दिवस मात्र १९२८ नंतर उजाडले. त्या वर्षी मुंबईत जुहूचा विमानतळ सुरू झाला, मुंबईचा फ्लाइंग क्लबही त्याच सुमाराचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, हा इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ उडवले, हेही आता पुष्कळांना ठाऊक आहे. मॉथ घराण्यातली ही विमाने सहसा हातानेच सुरू होत. म्हणजे अशा उड्डाणांच्या आधी, बहुधा अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटातला, कुणीतरी एक माणूस पंख्यासमोर उभा असे. उडणाऱ्यांची नावे आपण जपली. त्याचे नाव लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती.

हा धोका यंत्रज्ञांना दिसत नव्हता असे नाही. मोटारीच्या बाबतीत तर तो लवकर दूर झाला. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी संशोधकाने विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींवर तो बसला. मोटारीचे हँडल पुढे हळूहळू गेले. विमानासाठी बेंटफील्ड हक्स या इंग्रज वैमानिकाने एक युक्ती काढली. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीवर एक लांब दांडा बसवला. तो मोटारीच्या इंजिनाने फिरे. ही गाडी विमानासमोर आणून दांड्याचे टोक पंख्याच्या मधल्या बोंडात अडकवायचे. मोटार पंखा फिरवी आणि विमानाचे इंजिन पेटले की दांडा आपोआप सुटे. हक्स हे आकाशात कोलांटी मारणारे पहिले इंग्रज. महायुद्ध संपायला चार दिवस असताना, नोव्हेंबर १९१८ मध्ये, न्यूमोनियाने ते गेले. त्यांची युक्ती पुढे कितीतरी वर्षे ब्रिटिश हवाई दलाने वापरली. इंग्लंडमधल्या शटलवर्थ संग्रहालयात अशी एक गाडी आजही पाहायला मिळते. पुढे हाताने जड चाक फिरवून त्याचा वेग इंजिनाला देणारे स्टार्टर आले, बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस फोडून त्या वायूने इंजिन फिरवणारे स्टार्टर आले, आणि शेवटी विजेचे आले.

मग लहान विमानांचा पंखा हातानेच का फिरत राहिला? कारण सरळ आहे, वजन आणि पैसा. साठ, नव्वद, एकशेतीस अश्वशक्तीच्या विमानाला स्टार्टर, जड बॅटरी आणि जनरेटर यांचे ओझे परवडत नसे. माणूस मात्र जमिनीवरच राहतो, त्याचे वजन विमानाला वाहावे लागत नाही. आणि आपल्यासारख्या देशात तो स्वस्तही मिळत असे.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर भारतीय हवाई दलाची व क्लबांची एक पिढी टायगर मॉथवर शिकली. एकशेतीस अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन, हाताने सुरू होणारे. स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आपली विमाने तयार होऊ लागली. त्या कामाचे धुरीण होते डॉ. वि. मा. घाटगे, आपले मराठी गृहस्थ, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकून आलेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ साली उडाले. १९५८ साली पुष्पक आले. दोन आसनांचे, नव्वद अश्वशक्तीचे, वर पंख असलेले, कापडाने मढवलेले देखणे लहान विमान. अशी सुमारे दीडशे पुष्पक बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. त्यांनाही पंखा हातानेच मारावा लागे. म्हणजे किटी हॉकच्या वाळूवरचे ते काम साठ-सत्तर वर्षांनी आपल्या गावोगावच्या धावपट्ट्यांवर चालूच होते.

या कामात दोन प्रकारचे अपघात होतात. एक, पाते लागणे. दुसरा, विमान सुटणे. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. ३० ऑगस्ट १९५५ रोजी सिडनीजवळच्या बँक्सटाउन विमानतळावर ऑस्टर जातीच्या एका लहान विमानाचे इंजिन जमिनीवरच बंद पडले. वैमानिक एकटाच होता. तो खाली उतरला, त्याने पंखा मारला, इंजिन पेटले, आणि विमान त्याला जमिनीवर सोडून धावू लागले. धावले, आणि उडालेही! आत कुणी नाही. शहरावर घिरट्या घालत ते वर वर चढू लागले. खाली लाखो वस्तीचे शहर. आधी हवाई दलाच्या विमानांनी ते पाडायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. शेवटी सुमारे तीन तासांनी नौदलाच्या सी फ्युरी विमानांनी त्याला समुद्रावर गाठून पाडले. कुणाला इजा झाली नाही म्हणून ही गोष्ट आज हसत हसत सांगितली जाते. पण तिच्यातला धडा साधा आहे. चाकांना ठोकळे लावलेले हवेत, शेपूट दोराने बांधलेली हवी, आणि आत जाणत्या माणसाने बसलेले हवे. या तिन्हींतले काहीच नसेल, तर पंख्याला हात लावायचा नाही.

पहिल्या प्रकारच्या अपघाताचे उदाहरण मला पुस्तकातून आणावे लागत नाही.

१९६८-६९ च्या सुमारास मी एका फ्लाइंग क्लबात विमानाच्या मेकॅनिकची उमेदवारी करत होतो. तिथे पंखा मारायला एक मदतनीस होते. वय पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मराठी चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजीतले त्यांना येत होते ते पंख्यासमोरचे पाच-सहा शब्द, पण ते ठणठणीत. "स्विचेस ऑफ" ला आतून उत्तर आले नाही तर समोर कुणीही असो, मामा हात मागे बांधून उभे राहत. त्यांनीच मला शिकवले. तळवा सपाट ठेव, पात्याच्या कडेला बोटे अडकवू नकोस. पाय कोरड्या घट्ट जमिनीवर. ओल्या गवतावर, खडीवर नाही. गळ्यात रुमाल नको, सदऱ्याची बाही लोंबती नको. ओढलेस की तो पाय मागेच पडला पाहिजे, म्हणजे अंग आपोआप पंख्यापासून दूर जाते. आणि पंखा नेहमी जिवंत आहे असेच समज.

एके दिवशी संध्याकाळी एका दोन आसनी विमानाच्या मॅग्नेटोची साफसफाई मी केली. ती सांगाड्याला जाणारी तार सोडवली होती, ती परत लावली. नट बोटांनी फिरवला. पान्याने आवळायचा, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून मी गेलो. परत आलो तेव्हा काम झाले आहे अशीच माझी समजूत होती. काम तपासून सही करणाऱ्यांनी वरवर पाहिले आणि सही केली. झाकण बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पंखा सावकाश ओढत होते, पेट्रोल भरून घेण्यासाठी. "स्विचेस ऑफ" झाले होते, आतून नीट उत्तरही आले होते. तिसऱ्या की चौथ्या ओढीला 'टक्' झाले आणि त्याबरोबरच इंजिनाने ठोका दिला. एकच. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. ते ओरडले नाहीत. उकिडवे बसले आणि डाव्या हाताने उजवा हात धरून राहिले.

मी तासाभराने झाकण उघडून पाहिले. तार निखळून लोंबत होती, नट तिच्या शेजारीच पडला होता. तो मी लावला, पान्याने आवळला आणि कुणाला काही बोललो नाही. वहीत नोंद झाली की पंखा ओढताना मदतनिसाचा हात घसरला. स्वतःच्या चुकीने इजा झालेल्या माणसाला मिळावी तेवढी भरपाई मामांना मिळाली, म्हणजे फारशी नाही. हात बरा झाल्यावर त्यांना फाटकावर बसवले. येता-जाता ते मला पूर्वीसारखीच हाक मारत. मी पुढे परवाना मिळवला, नोकरी धरली, संसार केला.

सोळा वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि हे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं." एवढेच. रागाने म्हणाले नाहीत, आणि मला माफ केले असेही म्हणाले नाहीत. चहा झाला. निघताना मी विचारले, मामा, आता मी काय करू? ते म्हणाले, "पोरं शिकवतोस ना? त्यांना सांग. माझं नाव नको, तुझं सांग." म्हणून मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला ही हकिगत सांगत आलो. आज आपल्याला सांगितली.

ती सांगताना माझ्या एक गोष्ट लक्षात येत गेली. जमिनीवरच्या सुरक्षेचा इतिहास म्हणजे केवळ नव्या यंत्रांचा इतिहास नाही. बाहेरच्या माणसाचा जीव आतल्या माणसाच्या शब्दावर असतो, आणि त्या दोघांचाही जीव आदल्या दिवशी काम केलेल्या तिसऱ्या माणसाच्या हातावर असतो. पहिल्या दोघांसाठी सवाल-जबाब आहे. तिसऱ्यासाठी काय? त्याच्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे इंजिन थांबवण्यापूर्वी ते मंद चालू असताना स्विच क्षणभर 'बंद' करून पाहणे. इंजिन गचकले तर तार शाबूत. चालूच राहिले तर मॅग्नेटो बेबंद आहे, पंख्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका. मॅग्नेटोला हात लागला असेल, तर ही परीक्षा झाल्याशिवाय विमान पुन्हा कामाला लावायचे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अर्धे राहिलेले काम दुसऱ्याला दिसेल अशी खूण. तिथे लाल चिंधी बांधा, पाटी लावा, काहीही करा. आपले जुने वायरमन खांबावर चढताना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवत, ते याच शहाणपणाने. लाइन बंद आहे असे कुणी सांगितले म्हणून ते चढत नसत. विमानातही आता किल्ली काढून समोरच्या काचेपाशी, बाहेरून दिसेल अशी ठेवण्याची चांगली पद्धत आहे. बाहेरच्याने विचारायची गरज नाही, त्याला ती दिसते.

आज पंखा हाताने मारणे जवळजवळ संपले आहे. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होते. वैमानिक खिडकी उघडून "क्लिअर प्रॉप!" असे ओरडतो, आजूबाजूला पाहतो आणि मग किल्ली फिरवतो. धोका मात्र संपलेला नाही, त्याने रूप बदलले आहे. पूर्वी पंख्यापाशी जाणारा माणूस पंखा जाणणारा असे. आता तिथे प्रवासी जातात, पाहुणे जातात, मुले जातात. मंद चालणारे इंजिन मिनिटाला सातशे फेरे घेते असे धरले, तर दोन पात्यांचा पंखा एका जागेवरून सेकंदाला तेवीस वेळा जातो. डोळ्याला तिथे काहीच दिसत नाही. म्हणूनच पात्यांची टोके पिवळी किंवा पांढरी रंगवतात. फिरताना त्यांचे एक कडे दिसते. तरीही २०११ च्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासमध्ये एक तरुणी विमानातून उतरून चालत गेली ती थेट चालू पंख्याकडे. ती वाचली, पण तिचा एक हात आणि एक डोळा गेला. आणि १६ डिसेंबर २०१५ रोजी आपल्या मुंबईच्या विमानतळावर प्रवासी विमान मागे ढकलण्याचे काम चालू असताना एक तंत्रज्ञ त्याच्या जेट इंजिनात ओढला गेला आणि मृत्यू पावला. तिथे पंखा नव्हता, हाताने काही ओढायचे नव्हते. पण बाहेर एक माणूस होता, आत वैमानिक होते, आणि त्या दोघांमध्ये "तू कुठे आहेस? मी सुरू करू का?" हा सवाल-जबाब तितकाच गरजेचा होता.

शेवटी एक विनंती. एरो क्लबचे प्रदर्शन असते, शाळेच्या सहली जातात, कधी एखादे जुने विमान चौकात किंवा महाविद्यालयाच्या आवारात ठेवलेले असते. लोक हौसेने त्याच्या पंख्यावर हात ठेवून फोटो काढतात, मुलांना पात्याला लोंबू देतात. चौकातल्या विमानात इंजिन नसेलही. पण मुलाला ते कसे कळावे? त्याला सवय लागते ती पंख्याला हात लावायची. विमानाकडे जायचे ते पंखांच्या मागून, शेपटीच्या बाजूने, आणि कुणी जाणत्याने बोलावल्यावर. फोटो काढायचा असेल, तर शेपटीपाशी काढा. तिथूनही विमान तितकेच छान दिसते.